पाचशे त्र्याऐंशीचा पंचम

दशांश चिन्ह मला शाळेत भेटलंच नाही. चौथीपर्यंत ते आलं नाही, आणि पाचवीची शाळा आमच्या आटपाडीकडच्या वस्तीपासून लांब होती, म्हणून मला पुढं कुणी पाठवलं नाही. टिंबानंतरचे आकडे मला माझ्या नवऱ्यानं शिकवले, लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर, साताऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत, एका पिवळ्या डिजिटल मीटरवर.

"टिंब इसर," ते म्हणाले. "एका व्होल्टाचं हजार तुकडं केल्यात असं समज. त्यातलं किती तुकडं आलं ते ह्यो मीटर सांगतोय. टिंबाच्या फुडचं वाच."

"पाचशे त्र्याऐंशी."

"झालं की मग. ह्यो पंचम."

मला हसू आलं. पंचम मला माहीत होता. माझे वडील आमच्या समाजाच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम असायचे, आणि त्याआधी महिनाभर आमच्या घरात सराव चालायचा. मी पेटीच्या शेजारी झोपायचे. पंचमाला आकडा असतो हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा फौजेतून पेन्शनीवर आला ती नव्वदच्या पुढची वर्षं. फौजेत ते तोफांजवळ वायरलेसवर होते. वायरी, कथिल, रेडिओची पोटं, सगळं त्यांच्या हाताला ठाऊक. गाव कडेगावच्या बाजूचं, तिथं भावाकडं थोडी उसाची जमीन होती, पण त्यांना शेतात जीव रमवता येईना. म्हणून साताऱ्यात खोली घेतली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. टेबल एकच होतं, त्यावर त्यांचं काम चालायचं आणि आम्ही जेवायला खाली बसायचो.

तोफांनी त्यांचा कान नेला होता. हे वाक्य मी आज कागदावर लिहिते आहे. त्या घरात ते कधी उच्चारलं गेलं नाही. कुकरच्या शिट्टीला त्यांची मान वळत नसे. पाठीमागून हाक मारली तर ते तसेच बसून राहायचे. समोरून बोललं की ओठांकडं बघून बरोबर उत्तर द्यायचे. ज्याचं काही समजलं नाही त्याला ते हसायचे. लोकांना वाटायचं, फौजी किती हसतमुख. माझा आवाज मुळात बारीक, चारचौघांत तर निघतच नाही. त्यामुळं आमच्या घरात कोण बोलत नाही आणि कुणाला ऐकू येत नाही हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही. मी काही बोलायचे तर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे. ते का उभी राहिलीस म्हणून विचारायचे नाहीत. मी सांगायचे नाही.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची एक पेढी होती. तिथल्या मालकांना गाण्याच्या क्लाससाठी विजेवर चालणारी सुरांची पेटी हवी होती. शिकणाऱ्या मुलींनी बटण दाबायचं आणि निघेल त्या सुरात आपला गळा मिळवायचा. माझ्या नवऱ्यानं त्यांना एक करून दाखवली. एकच पेटी नव्हती ती, तीन डबे होते. एका डब्यात बटणं, दुसऱ्यात आवाज तयार व्हायचा, तिसरा त्या आवाजाची धार मोडून तो तंबोऱ्यासारखा गोल करायचा. डबे एकमेकांना वायरींनी जोडायचे. एक बिघडला तर तेवढाच दुरुस्तीला पाठवता येतो, ही त्यांची कल्पना.

मालकांनी ती ऐकली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तारेखाली दोरा सरकवून जवारी लावण्याचं, म्हणजे तार गुंजती करण्याचं, काम. ते म्हणाले, "फौजी, आमच्यात एकच नियम. ज्याला कान न्हाई त्याला काम न्हाई. बाकी पदवी-बिदवी काय बघत न्हाई आमी."

"कान हाय की, मालक," माझा नवरा हसून म्हणाला.

मी शेजारीच होते. पदर नीट केला आणि खाली बघितलं.

माझ्या नवऱ्यानं तेव्हापासून मीटरवर भिस्त ठेवली. आवाजाच्या डब्याचा हिशेब असा होता की एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर चढतो. म्हणजे सा शून्यावर, वरचा सा हजारावर, आणि मधले सगळे त्या हजार तुकड्यांत वाटलेले. रे एकशे सदुसष्ट, ग तीनशे तेहतीस, म चारशे सतरा, प पाचशे त्र्याऐंशी, ध साडेसातशे, नी नऊशे सतरा. कोमल-तीव्र धरून दोन सप्तकांची पंचवीस बटणं होती, आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक पितळी स्क्रू होता. मीटरची काळी वायर डब्याच्या अंगाला चिमट्यानं लावायची, लाल वायर बटणातून वीज बाहेर पडते तिथं लावायची, बटण दाबून धरायचं आणि हवा तो आकडा येईपर्यंत स्क्रू केसाएवढा फिरवायचा. आकडा दिसला की थांबायचं, श्वाससुद्धा सोडायचा नाही, मग बटण सोडून पुन्हा दाबून बघायचं. कानाचं काम नाही. आवाजाचे डबे त्यांनी आधीच एका ओळखीच्या रेडिओवाल्याच्या यंत्रावर मोजून जुळवून आणले होते. उरले बटणांचे डबे. ते काम त्यांनी मला दिलं.

आधी घरात काट्याचा मीटर होता. त्यावर दोन रेघांच्या मधे काटा थांबला की किती म्हणायचं ते मला समजत नसे. पिवळ्या मीटरवर आकडे शाळेतल्या पाटीवर असावेत तसे स्वच्छ यायचे. मला त्याचा विश्वास वाटला. फक्त दुसऱ्या सप्तकाचा शेवटचा सा त्रास द्यायचा. तो पूर्ण दोन व्होल्टांचा, आणि मीटर खटक्याच्या त्या घरात एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पुढं जायचा नाही. नुसता एक उभा राहायचा डाव्या कोपऱ्यात, बाकी सगळं कोरं. पहिल्यांदा मला वाटलं मी तो मोडला. रडायला आलं होतं. ते आले, गोल खटका एक घर पुढं फिरवला, आणि दोन दिसला.

"मीटर मोडाय काय झालंय? तुझ्या हातानं कप बी मोडत न्हाई," ते म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज मोठाच असायचा. शेजारणीला ऐकू गेलं असणार.

ते दिवस चांगले होते असं आता वाटतं. दुपारचं जेवण झालं की आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. ते सोल्डरिंग करायचे, मी स्क्रू लावायचे. वहीत मी सुरांपुढं आकडे लिहून ठेवले होते, पण लवकरच ते पाठ झाले. अजूनही कुणी तंबोरा छेडला की मला पंचमाच्या जागी पाचशे त्र्याऐंशी दिसतात.

मग मालकांनी एकदम आठ पेट्यांचं काम दिलं. सांगलीच्या एका गाण्याच्या बाईंनी आपल्या क्लाससाठी मागितल्या होत्या. दिवाळीनंतर वर्ग सुरू होणार होते. बाई स्वतः पेढीवर येऊन तपासून घेणार होत्या. बाईंना माल पसंत पडला तर पुढं जिल्ह्यातल्या सगळ्या क्लासना हीच पेटी जाईल, असं मालक म्हणाले होते. माझा नवरा त्या दिवशी मिरजेहून आला तो बसून जेवलासुद्धा नाही. उभ्यानंच भाकरीचे दोन घास खाल्ले आणि पत्र्याचे डबे कापायला घेतले.

या आठांतल्या पहिल्याच डब्याच्या वेळी मीटरच्या काचेत कोपऱ्यात एक बारीक चित्र आलं. लहान पेटीसारखं. आधी ते नव्हतं. आकडे मात्र तसेच स्वच्छ येत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांना दाखवलं.

"सेल उतरला आसंल," ते म्हणाले. मीटरच्या पाठीचा स्क्रू काढून त्यांनी आतला चौकोनी सेल काढला आणि त्याची दोन्ही टोकं जिभेला लावली. फौजेत सगळे असंच बघायचे म्हणे. त्यांचं तोंड वाकडं झालं. "आगागा! चांगला झणका देतोय की. अजून म्हयनाभर जाईल."

सेल परत बसवला. चित्र परत आलं. ते म्हणाले, येऊ दे.

आकडे येत होते, म्हणून मी लावत गेले. सहाव्या डब्यापर्यंत मला काही वेगळं वाटलं नाही, कारण स्क्रू लावताना आवाजाचा डबा जोडलेला नसायचा. सगळं मुक्यानं चालायचं. एक पेटी पूर्ण झाली की ते तीन डबे जोडून स्पीकर लावायचे, पडद्यावर तळहात ठेवायचे आणि एकेक बटण दाबायचे. हात थरथरला की मान हलवायचे. "पास."

आधीच्या पाच त्यांनी मी पाण्याला गेले असताना तपासल्या होत्या; सहावीच्या दिवशी मी चुलीपाशी कांदा चिरत होते. त्यांनी सा दाबला, रे दाबला, ग दाबला. पंचम आला तेव्हा माझा हात थांबला. पंचम खाली होता. फार नाही, पण उंबऱ्यावर पाय अडखळावा तसा. मग ध, नी, आणि वरचा सा तर आलाच नाही. त्याच्या खाली कुठंतरी तो थांबला आणि तिथंच ओरडत राहिला. 

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा हात स्पीकरवर होता. "पास," ते म्हणाले.

मला त्या वेळी काय वाटलं ते मी खरं लिहिते. पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय. मीटरवर आकडा बरोबर होता, मी स्वतः बघितला होता. चौथी शिकलेली बाई आणि यंत्र, यात चूक कुणाची असणार? पण मग त्यांनी सातवी पेटी लावली, आणि तिचा वरचा सा सहावीपेक्षाही खाली होता. दोन्ही खरे असू शकत नव्हते. एवढं कळायला शाळा लागत नाही.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सूर खाली आहे असं मी म्हटलं असतं, तर त्यांचा पुढचा प्रश्न होता, मग मला का नाही ऐकू आलं? तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारू नये म्हणून मी कित्येक वर्षं त्यांच्या समोर जाऊन उभी राहत होते. मी कांदा चिरून पूर्ण केला. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला कांद्याचं कारण होतं.

आठही पेट्या आम्ही पोत्यात आणि जुन्या गोधड्यांत गुंडाळल्या आणि एसटीनं मिरजेला गेलो. एवढं ओझं म्हणून मी बरोबर.

पेढीत नव्या लाकडाचा वास होता. भोपळे वर टांगलेले. गाण्याच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, साठीच्या, पांढरं पातळ, मांडीवर पर्स. मालकांनी चहा सांगितला. माझ्या नवऱ्यानं एक पेटी जोडली आणि मागं सरून हात बांधून उभा राहिला.

बाईंनी सा दाबला आणि त्यात गळा मिळवला. सुंदर गळा होता, वयानं थोडा कापणारा. रे, ग झाले. पंचमाला त्यांनी डोळे उघडले.

"मालक, हा पंचम झोपलाय हो."

मालक पुढं आले. बाईंनी वरचा सा दाबला. "आणि हे बघा. हा तर जिन्यातच बसला. माडीवर आलाच नाही."

कोपऱ्यात तारा ओढत बसलेला कारागीर खो खो हसला. माझा नवराही हसला. सगळे हसले म्हणून तेही हसले.

मालकांनी दुसरी पेटी जोडायला लावली आणि दोन्हींचे वरचे सा एकदम दाबले. दोन आवाज एकमेकांना ढकलत होते, दुखणं आलेल्या माणसाच्या कण्हण्यासारखं वर-खाली, वर-खाली. बाईंनी कानावर हात ठेवला.

"फौजी, ऐका बघू जरा," मालक म्हणाले.

ते वाकले. पेटीवर हात ठेवला. "झकास हाय, मालक."

"आन्‌ आता?"

"आता बी एक नंबर."

मालकांनी बटणं सोडली. मग उठून माझ्या नवऱ्याच्या पाठीमागं गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "फौजी, च्या घ्या."

नवरा पेटीकडं बघत होता.

"फौजी, च्या गार हुतोय." मग मोठ्यानं, "फौजी!"

तिसऱ्या वेळी सगळेच त्यांच्याकडं बघायला लागले. त्या बघण्यामुळं त्यांना कळलं आणि ते वळले. मालकांचा चेहरा पडला होता. त्यांना कुणाला उघडं पाडायचं नव्हतं, त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. आता ते माझ्याकडं वळले.

"वहिनी, कवापासनं?"

मी फरशीकडं बघितलं.

मालक नवऱ्याच्या समोर येऊन उभे राहिले आणि ओठ हलताना नीट दिसतील असं सावकाश बोलले. असं त्यांच्याशी कुणी परकं माणूस पहिल्यांदाच बोलत होतं. "माल परत न्या. नीट करून द्या. बाई चार दिस थांबतील. आन्‌ घेऊन यायला वहिनींना धाडा. ऐकायला कुणीतर पायजे."

परतीच्या एसटीत कराड मागं पडलं. मग खिडकीकडं तोंड करून ते म्हणाले, "तुला ऐकू आल्तं?" आणि वळून माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी मान हलवली.

"खोलीवरच?"

मी पुन्हा हलवली.

"मग तोंडाला कुलूप हुतं का तुझ्या?" गाडीतली माणसं वळून बघायला लागली. "त्या भोपळ्याखाली उभं करून माझी शोभा केलीस! आगं, घरात बोलली असतीस तर घरात मेलं असतं की ते!"

ते बरोबर म्हणत होते. मी पोत्यावर हात ठेवून बसले.

साताऱ्यात उतरल्यावर त्यांनी स्टँडासमोरच्या दुकानातून नवा सेल घेतला. खोलीवर येऊन दिवा लावायच्या आधी मीटरमध्ये बसवला. कोपऱ्यातलं चित्र गेलं. मी पहिल्या डब्याचा पंचम मोजला, पाचशे पंच्याहत्तर आला. शेवटच्या डब्याचा पाचशे एक्कावन्न. सेल उतरत गेला तसा मीटर जास्त जास्त फुगवून सांगत गेला होता, आणि मी त्याच्या सांगण्याप्रमाणं सूर खाली खाली ओढत गेले होते. ते शेजारी उभे राहून आकडे बघत होते. या वेळी सेल त्यांनी जिभेला लावून बघितला नाही.

तीन दिवसांत मी दोनशे स्क्रू पुन्हा लावले. या वेळी आवाजाचा डबा जोडून, ऐकत. आकडा आणि कान दोन्ही जुळले की पुढचा. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. ते माझ्या हाताकडं बघत नव्हते, आणि मी लावत असलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं.

मी एकटी मिरजेला गेले. एकटीनं एसटीत बसायची ती माझी पहिली वेळ. बाईंनी आठही पेट्या वाजवून बघितल्या आणि पर्समधून रुमाल काढून पेट्यांवरची धूळ पुसली. मालक म्हणाले, "फुडचं काम तुमालाच देतो, वहिनी. फौजी कसं हायेत?"

"कामात हायेत," मी म्हणाले.

खोलीवर आले तर कुलूप होतं. शेजारणीकडं किल्ली ठेवली होती. आत टेबल मोकळं होतं, सोल्डरिंगचं सामान नीट वायर गुंडाळून एका पेटीत भरलेलं, मीटर मधोमध ठेवलेला. त्यांची फौजेची ट्रंक नव्हती. शेजारीण म्हणाली, "गावाकडं गेल्यात. उसाला पानी पाजायचंय म्हनत हुते."

महिनाभर वाट बघून मी कडेगावला गेले. दीर म्हणाला, मळ्यात हाय. मी उसाच्या बांधानं गेले तर लांबूनच डिझेल इंजिनाचा धडाका ऐकू आला. विहिरीच्या काठावर ते उकिडवे बसले होते, अंगात बनियन, हातात तेलाचा डबा. वाळले होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"बस," ते ओरडले. शेजारच्या वाफ्यातला गडीही ओरडूनच काहीतरी म्हणाला, ते मला समजलं नाही, त्यांनाही नाही. ते इंजिनाकडं हात करून म्हणाले, "हितं बरं हाय. ह्यो चालू असला की कुनालाच काय ऐकू येत न्हाई. समदी सारखी."

मी त्यांना चला म्हणाले, ओठ हलवून. त्यांनी मान हलवली, नाही. मग वाकून ते इंजिनाचा पट्टा बघायला लागले.

त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी बोलले. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. कुकरच्या शिट्टीपासून. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून मी गप्प राहिले असं नाही, मला बोलायची भीती वाटायची. माणसांत वाटते तशी तुमचीही वाटायची, आणि तुमच्या न ऐकण्याआड माझी भीती लपून जायची, मला ते सोयीचं होतं. एवढं मी सगळं बोलले, मोठ्यानं, आयुष्यात कधी बोलले नव्हते तेवढ्या मोठ्यानं. मला स्वतःलाच माझा आवाज आला नाही. दोन पावलं पुढं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले असते तर त्यांनी ओठ वाचले असते. मी गेले नाही.

पट्टा बसवून ते उठले, हात सुताच्या चोथ्याला पुसले आणि उन्हाकडं बघितलं.

"जा आता," ते ओरडले. "चारची येष्टी चुकंल."